वीतभर उंचीवरून

मनुष्यानें आपल्या घरांत अनेक प्राणी पाळले. पण ज्याच्याविषयीं मनुष्याचें मत इतकें वाईट, आणि तरीही ज्यास घरांतील सर्वांत मऊ जागा बसावयास मिळते, असा प्राणी मांजरावांचून दुसरा नाहीं. आपल्या म्हणीच पाहा. शिंकें तुटलें कीं फावतें तें बोक्याचें. डोळे मिटून दूध पितें तें मांजर. घंटा बांधावयाची ती त्याच्याच गळ्यांत. आणि आपण कामास निघालों असतां तें बिचारें आपल्या वाटेनें रस्ता ओलांडूं लागलें, तर आडवें गेल्याचा आरोपही त्याच्याच माथीं. वास्तविक कोण कोणास आडवें गेलें, याचा निर्णय आजवर एकाच पक्षाची साक्ष घेऊन होत आलेला आहे. दुसऱ्या पक्षाचें म्हणणें काय असेल, हें विचारण्याचे श्रम कोणी घेतले नाहींत. ती उणीव या लेखांत यथाशक्ति भरून काढावी, असा आमचा विचार आहे.

आमच्या घरीं ठकी नांवाची एक मांजरी आहे. रंग राखी, अंगावर काळे पट्टे, आणि शेपटीचें टोंक किंचित् वांकडें. चार वर्षांपूर्वीं भर पावसांत ती सायकलींच्या छपराखालीं कुडकुडत बसलेली सांपडली. बशीभर दूध पाजून तिला परत पाठवावें, असें ठरलें होतें; दूध पिऊन झाल्यावर परत जाण्याचा भाग ती विसरली, म्हणून तिचें नांव ठकी. घरांत माणसें चार: आम्ही, आमची सातवींत शिकणारी कन्या, तिची आई आणि आमच्या वृद्ध मातोश्री. मातोश्रींची दृष्टि कांचबिंदूमुळें गेलीं सहा वर्षें जवळजवळ नाहींशी झाली आहे. घराभोंवतीं थोडी बाग आहे. तींत जास्वंद, पारिजातक, कढीलिंबाचें झाड आणि मेंदीचें कुंपण आहे.

प्रथम उंचीचा प्रश्न घेऊं. आमचे डोळे साडेतीन हात देहाच्या माथ्याशीं. ठकीचे जमिनीपासून फार तर वीतभर वर. आपण ज्यास दिवाणखाना म्हणतों, तें तिच्या दृष्टीनें टेबलांच्या आणि खुर्च्यांच्या पायांचें एक अरण्य असलें पाहिजे. घरांतील जें जें आम्ही मिरवितों, म्हणजे भिंतीवरील पदवीचा कागद, कपाटांतील पदकें, पाहुण्यांसाठीं ठेवलेली चिनी मातीचीं भांडीं, तें सारें तिच्या क्षितिजाच्या वर राहतें. उलट जें जें आम्ही लपवितों, म्हणजे कपाटाखालीं ढकललेला केर, पलंगाखालची जळमटें, हरवली म्हणून सांगितलेली गृहपाठाची वही, तें अगदीं तिच्या डोळ्यांसमोर असतें. आमच्या घराची खरी परीक्षा कोणी घेत असेल, तर ती ठकी. तिनें निकाल अद्याप जाहीर केलेला नाहीं, हे तिचे उपकार.

कधीं कधीं ती या उंचीस कंटाळते आणि कपाटाच्या माथ्यावर जाऊन बसते. तेथून ती पडेल अशी धास्ती आम्हांस वाटते; तिला वाटत नाहीं. फ्रेंच शास्त्रज्ञ एतिएन-झ्युल मारे यांनीं 1894 सालीं पडणाऱ्या मांजराचीं एकामागून एक अशीं छायाचित्रें घेऊन दाखविलें कीं, कोठेंही आधार न घेतां मांजर अधांतरींच अंग वळवितें. आधीं पुढचा भाग, मग मागचा. आणि पायांवर उतरतें. ठकीस ही विद्या कोणी शिकविली नाहीं, आणि तिची परीक्षाही कोणी घेतली नाहीं. म्हणूनच कदाचित् ती तिला इतकी उत्तम येते.

आतां डोळ्यांविषयीं. मांजराच्या डोळ्यांतील पडद्यामागें आरशासारखा चकाकणारा एक थर असतो. पडद्यांतून निसटलेला प्रकाश तो थर पुन्हा पडद्यावर परतवितो. मोटारीच्या दिव्यासमोर मांजराचे डोळे निखाऱ्यांसारखे चमकतात, ते याच थरामुळें. आपणांस पाहण्यास जेवढा उजेड लागतो, त्याच्या सुमारें सहाव्या हिश्शांत मांजराचें काम भागतें. रात्रीं वीज गेली म्हणजे आम्ही मेणबत्ती शोधतां शोधतां टेबलावर आपटतों, आणि ठकी ही गंमत स्वस्थपणें पाहत बसते. पण या देणगीची किंमतही तिला मोजावी लागली आहे. निळा आणि पिवळट रंग तिला ओळखतां येतात. तांबडा मात्र तांबडा म्हणून दिसत नाहीं. आमची जास्वंद, जिचें येणारेजाणारे कौतुक करितात, तिच्या लेखीं मळकट फुलांचें एक झुडूप आहे. शिवाय सुमारें 25 सेंटिमीटरांच्या आंत आलेली वस्तु मांजरास स्पष्ट दिसत नाहीं. ती उणीव मिशा भरून काढतात. भक्ष्य तोंडाशीं आलें कीं मिशा पुढें वळतात आणि डोळ्यांचें काम स्पर्श करूं लागतो. तेव्हां डोळे मिटून दूध पिण्याचा जो जुना आरोप आहे, त्यावर ठकीतर्फें आमचें एवढेंच म्हणणें आहे कीं, बशींतील दूध उघड्या डोळ्यांनींही धूसरच दिसावयाचें, तर डोळे मिटण्यांत कपट तें कोणतें?

दुधाची गोष्ट निघाली म्हणून आणखी एक खुलासा करितों. पुष्कळ मोठ्या मांजरांस दूध पचत नाहीं. म्हणींत तें त्यांना कितीही पाजलेलें असो. आणि गोडाचें तर त्यांस कांहींच नाहीं. नाताळच्या करंज्यांकडे ठकी ढुंकूनही पाहत नाहीं, यावरून ती विरक्त असावी असें आमच्या कन्येचें मत होतें. 2005 सालीं अमेरिकेंतील फिलाडेल्फिया येथील संशोधकांनीं दाखवून दिलें कीं, गोड चव ओळखण्यास लागणारें एक जनुक मार्जारकुळांत निकामी झालेलें आहे. तेव्हां हें वैराग्य नव्हे. करंजी तिच्यासाठीं गोड नाहींच. सुकटीचा डबा उघडला असतां तिचें वैराग्य किती टिकतें, हें आमच्या स्वयंपाकघरांत दर आठवड्यास दिसून येतें.

कानांची कथा याहून निराळी. मनुष्याचा कान सेकंदास सुमारें 20,000 कंपनांपर्यंतचा ध्वनि ऐकूं शकतो. मांजराचा कान 60,000 च्याही पलीकडे पोंचतो. उंदरांचें आपापसांतील बोलणें पुष्कळ अंशीं आपणांस ऐकूं न येणाऱ्या या वरच्या स्वरांत चालतें. म्हणजे दुपारीं आम्ही ज्यास शांतता म्हणतों, तींत ठकीस कोठाराच्या मागें चाललेली एक संपूर्ण सभा ऐकूं येत असावी. याउलट मिक्सर सुरू झाला म्हणजे ती शेपटी फुगवून पलंगाखालीं कां पळते, याचा उलगडाही येथेंच होतो. तिला तिचें नांवही ऐकूं येतें. मांजर आपलें नांव इतर शब्दांपासून वेगळें ओळखतें, असें जपानांतील संशोधकांनीं 2019 सालीं सिद्ध केलें. नांव ऐकून तें येतें कीं नाहीं, हा प्रश्न निराळा. नांव ऐकूनही न येणारीं मुलें आम्हीं पुष्कळ पाहिलीं आहेत.

या कानांचा खरा उपयोग आमच्या मातोश्रींस झाला आहे. संध्याकाळीं त्या ओटीवर खुर्ची टाकून बसतात आणि ठकी त्यांच्या मांडीवर बसते. त्यांचा एक हात सदा तिच्या डोक्यावर असतो. फाटक वाजण्यापूर्वींच ठकीचे कान तिकडे वळतात, आणि ते वळल्याचें मातोश्रींच्या तळहातास समजतें. "ती अंग सैल सोडून बसली कीं माणूस ओळखीचं, आणि मांडींत दबली कीं परकं," असें त्या सांगतात. त्यांचा हा अंदाज चुकल्याचें आम्हांस आठवत नाहीं. आम्ही तिघें दिवसभर शाळेंत व कामांत. त्या वेळीं या दोघी एकमेकींच्या आधारानें घर राखतात. एकीस दिसत नाहीं, दुसरीस बोलतां येत नाहीं. पण दोघींचें घर आवाजांनीं, वासांनीं आणि स्पर्शानें भरलेलें आहे, आणि तें आमच्या घराहून कदाचित् अधिक मोठें आहे.

उष्णतेचा एक नकाशाही ठकीपाशीं आहे. मांजराची मूळ जात पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिका यांच्या कोरड्या प्रदेशांतील रानमांजराची. म्हणून सुमारें 30 ते 38 अंश सेल्सिअस एवढी ऊब तिला सुखाची वाटते. जानेवारींत खिडकींतून आलेला उन्हाचा चौकोन जसजसा सरकतो, तसतशी तीही सरकते; घड्याळ बंद पडलें तरी तिच्यावरून तास सांगतां यावा. एप्रिलांत ती मोरीजवळच्या शहाबादी फरशीवर लांब पसरते. परीक्षेच्या दिवसांत मात्र तिची जागा आमच्या टेबलावर, दिव्याखालीं, उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर असते. तेथें हुशार आणि मंद, दोन्हीं विद्यार्थ्यांवर ती सारखीच बसते. असा निःपक्षपातीपणा परीक्षकांस साधला, तर पालकांच्या निम्म्या तक्रारी मिटतील.

गाय, बैल, घोडा यांस मनुष्यानें बांधून आणलें. मांजर आपण होऊन आलें. मनुष्य धान्य सांठवूं लागला, धान्यापाठोपाठ उंदीर आले आणि उंदरांपाठोपाठ मांजर. सायप्रस बेटावर सुमारें 9,500 वर्षांपूर्वींच्या एका मनुष्याच्या थडग्याशेजारीं एक मांजर पुरलेलें सांपडलें. हा शोध 2004 सालीं प्रसिद्ध झाला. इतका जुना हा शेजार आहे. त्याची अट एकच होती: घरानें आसरा द्यावा आणि मांजरानें शिकार करावी. ही अट ठकी विसरलेली नाहीं. आपण विसरलों आहों. आणि याच विसरामुळें गेल्या वर्षीं आमच्या घरांत जो प्रसंग उद्भवला, तो आतां सांगतों.

मार्चअखेरीस मेंदीच्या कुंपणांत बुलबुलाच्या जोडीनें घरटें बांधलें. तीन अंडीं झालीं, तिन्हींतून पिलें निघालीं. आमची कन्या रोज शाळेस जाण्यापूर्वीं दुरून घरटें पाहून एका वहींत नोंद करी. पिलांस पंख फुटले आणि एका संध्याकाळीं तीं घरट्याबाहेर आलीं. त्यांतील एक गवतांत उतरलें. थोड्याच वेळानें ठकी ओटीवर आली आणि तिनें तें पिलूं मातोश्रींच्या पायांशीं ठेविलें. तें मेलेलें होतें.

कन्या त्या रात्रीं जेवली नाहीं. तिची मागणी स्पष्ट होती: ठकीस घरांतून घालवावें. शेजारच्या एका गृहस्थांनीं पोतेंही देऊं केलें. नदीपलीकडे सोडलें कीं मांजर परत येत नाहीं, असा त्यांचा अनुभव होता. मुलीची आई गप्प होती. आम्ही पाहिलें तर मातोश्रींचा हात मांडीवर होता आणि मांडी रिकामी होती. त्या आपल्यासाठीं कांहींही मागणार नाहींत, हें आम्हांस ठाऊक होतें; आणि त्यांनीं मागितलें नाहीं. त्या नातीस एवढेंच म्हणाल्या, "उद्यां याच वेळेला तूं तिच्या जागीं जाऊन बैस, आणि काय दिसतं तें मला येऊन सांग. मला दिसत नाहीं. तूं पाहून ये, मग आपण ठरवूं."

दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं कन्या कुंपणाजवळ गवतांत पालथी पडली आणि हनुवटी मुठीवर टेकून पाहत राहिली. उरलेलीं दोन पिलें खालच्या फांद्यांत फडफडत होतीं. दिवस मावळेपर्यंत ती उठली नाहीं. मग आजीजवळ येऊन तिनें सांगितलें, "आजी, खालून फुलं दिसतच नाहींत. अंधार पडला कीं सगळं करडं होतं. जें हलतं तेवढंच दिसतं, आणि सगळ्यांत जास्त पिल्लूच हलतं." थोडें थांबून तिनें विचारलें, "मग ठकीची चूक नाहीं का?"

मातोश्री म्हणाल्या, "तिला जें दिसलं तें तूं पाहिलंस, हें चांगलं केलंस. पण गवतांतून पिल्लाला काय दिसलं असेल? तेंही पाहायला हवं ना?"

यावर मुलगी कांहीं बोलली नाहीं. आम्हींही कांहीं बोललों नाहीं. कारण चोवीस वर्षांच्या अध्यापनांत न्यायाविषयीं याहून मोठा पाठ आम्हीं कोणाकडून ऐकलेला नव्हता.

ठकीचा दोष नाहीं म्हणून पिलांनीं मरावें, असा याचा अर्थ नव्हे. मांजराची शिकार ही लहान गोष्ट नाहीं. न्यूझीलंडच्या स्टीफन्स बेटावर 1894 सालीं दीपगृह सुरू झालें. त्याच सुमारास मांजरेंही तेथें आलीं, आणि त्या बेटावर राहणारा, उडतां न येणारा एक चिमुकला पक्षी थोड्याच वर्षांत पृथ्वीवरून नाहींसा झाला. तेव्हां उपाय हवाच होता. म्हणींत सांगितलेला उपाय, म्हणजे गळ्यांत घंटा, आमच्या कन्येनें बांधण्याची तयारीही दाखविली. परंतु इंग्लंडांत झालेल्या आणि 2021 सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत घंटेचा कांहींच परिणाम दिसून आला नाहीं. मांसयुक्त आहार पोटभर दिल्यानें मात्र घरीं आणलेल्या शिकारीचें प्रमाण 36 टक्क्यांनीं, आणि दररोज पांच-दहा मिनिटें शिकारीसारखा खेळ खेळविल्यानें 25 टक्क्यांनीं घटलें. उंदरांनीं सभा भरवून जो प्रश्न इतकीं वर्षें चर्चिला, तो मुळांत चुकीचाच प्रश्न होता म्हणावयाचा.

आमच्या घरीं तेव्हांपासून नियम झाला. फेब्रुवारीपासून पावसाळा संपेपर्यंत पहांटे आणि तिन्हीसांजा ठकी घरांतच राहते. ओटीस जाळी लावून घेतली आहे. दिवस मावळतां कन्या दोरीस कोंबडीचें पीस बांधून तिला खेळविते. ठकी दबते, झेपावते, पीस पकडते, आणि मग तिला जेवण मिळतें. शिकारीमागून जेवण, हा क्रम तिच्या जातीचाच आहे. आम्ही तो फक्त बागेंतून दिवाणखान्यांत आणिला. यंदाही कुंपणांत बुलबुलाचें घरटें झालें. तिन्हीं पिलें उडून गेलीं, अशी नोंद कन्येच्या वहींत आहे. तिच्या शेजारीं दुसऱ्या रकान्यांत त्या त्या संध्याकाळीं ठकीनें किती झेपा घेतल्या, याचीही नोंद आहे. पोतें शेजाऱ्यांस परत केलें. मातोश्रींची मांडी पूर्ववत् भरलेली असते.

विद्यार्थिमित्रांनो, दुसऱ्याच्या डोळ्यांनीं पाहणें म्हणजे त्याच्या कृत्यास माफी देणें नव्हे. पण तसें पाहिल्यावांचून जो निवाडा होतो, त्यांत न्याय क्वचितच असतो. बहुधा पोतेंच असतें. तुमच्या वर्गांत शेवटच्या बांकावर बसणाऱ्या मुलास फळा कसा दिसतो, नव्यानें आलेल्या मुलीस मधल्या सुट्टींतील अंगण केवढें वाटतें, हें तेथें जाऊन बसल्यावांचून कळत नाहीं. आणि पालकांसही आमची एक विनंती आहे. आपलें चार वर्षांचें मूल आपल्या घराकडे किती उंचीवरून पाहतें, याचा कधीं विचार केला आहे काय? आपण त्याच्या डोक्यावरून जें बोलतों, तें सारें त्यास ऐकूं येतें. आणि आपण रागानें आपटलेलें पाऊल त्याच्या अगदीं डोळ्यांसमोर पडतें.

येत्या सुट्टींत एखाद्या संध्याकाळीं घरांतील सर्वांनीं मिळून दहा मिनिटें जमिनीवर पालथें पडून आपलें घर वीतभर उंचीवरून पाहावें. केर सांपडेल, हरवलेलीं पेन्सिलें सांपडतील, कदाचित् गृहपाठाची वहीही सांपडेल. मात्र उठतांना जपून उठावें. कोणाची शेपटी कोठें पसरली आहे, हें वरून दिसत नाहीं.